शब्दशंका : ‘डिमाइझ’ करून नेमके काय दिले?

प्रश्न (नेरूळ, नवी मुंबई) : आमच्या गृहनिर्माण संस्थेची इमारत सिडकोच्या भूखंडावर आहे. संस्थेचा चिटणीस या नात्याने जुनी कागदपत्रे सभासदांना मराठीत समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. भाडेपट्टा देण्याविषयीचा जो पहिला करार आहे, त्यातील एका कलमाच्या समासात ‘नॉट अ डिमाइझ’ असे छापलेले आहे. आणि पुढे इमारत पूर्ण झाल्यावर जो भाडेपट्टा झाला, त्यात मात्र ‘द लेसर डथ हिअरबाय डिमाइझ अन्टू द लेसी’ असे वाक्य आहे. शब्दकोश उघडला, तर पहिलाच अर्थ ‘मृत्यू’. विशेष सर्वसाधारण सभेत मी ते वाक्य वाचले, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका काकांनी “कोण वारले?” असे विचारले आणि पुढची दहा मिनिटे सभेचे कामकाज झाले नाही. हे क्रियापद येथे कोणत्या अर्थाने आले आहे आणि त्याला मराठीत काय म्हणावे?

उत्तर : काकांच्या शंकेचे निरसन आधी करतो. कोणीही वारलेले नाही. आपल्या भाडेपट्ट्यातील ‘डिमाइझ’ हे क्रियापद असून त्याचा अर्थ ‘ठरावीक मुदतीसाठी मालमत्ता भाडेपट्ट्याने देणे’ एवढाच आहे. ‘डथ’ हे ‘डझ’चे जुने रूप, ‘हिअरबाय’ म्हणजे ‘या दस्ताने’ आणि ‘अन्टू’ म्हणजे नुसते ‘ला’. तेव्हा त्या वाक्याचा सरळ मराठी अवतार असा होईल : ‘भाडेपट्टा देणारा या दस्ताने भाडेपट्टेदारास सदर मिळकत भाडेपट्ट्याने देत आहे.’ ‘देत आहे’ हा वर्तमानकाळ मी मुद्दाम ठेवला आहे, कारण हे वाक्य केवळ माहिती देत नाही. दस्तावर सह्या होऊन त्याची नोंदणी झाली की देण्याची कृती त्या वाक्यानेच घडते.

आता मृत्यू येथे कोठून आला ते पाहू, कारण शब्दकोशाने आपली फसवणूक केलेली नाही. त्याने केवळ नातवाला आजोबांच्या आधी उभे केले आहे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढची काही शतके तेथील न्यायालयांचा कारभार एका प्रकारच्या फ्रेंच भाषेत चालला. ‘लीज’, ‘टेनंट’, ‘लेसर’ आणि ‘लेसी’ हे सगळे शब्द त्याच काळाची देणगी आहेत. ‘डिमाइझ’ही त्यांच्यातलाच. जुन्या फ्रेंचमधील ‘देमेत्र’ या क्रियापदापासून तो आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘दिमित्तेरे’ आहे : ‘दिस्’ म्हणजे दूर आणि ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे. स्वतःच्या हातातली वस्तू दूर करणे, सोडून देणे, दुसऱ्याच्या हवाली करणे हा मूळ भाव. जमीन हवाली करणे हा अर्थ इंग्रजीत पंधराव्या शतकापासून रूढ आहे. त्यात मरणाचा संबंध नाही.

मरण आले ते राजवाड्यातून. इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने राजा कधीच मरत नाही. एकाचा श्वास थांबतो त्याच क्षणी राजपद वारसाकडे गेलेले असते. त्यामुळे राजाच्या निधनाला ‘राजा मेला’ असे न म्हणता ‘डिमाइझ ऑफ द क्राउन’, म्हणजे राजमुकुटाचे हस्तांतरण, असे म्हणत. अठराव्या शतकातील विख्यात विधिपंडित विल्यम ब्लॅकस्टन यांनी आपल्या भाष्यात हेच सांगून ठेवले आहे की, राजाच्या मृत्यूची कल्पनासुद्धा कायद्याला सोसवत नाही म्हणून हा शब्द वापरतात, आणि त्याचा अर्थ केवळ मालमत्तेचे हस्तांतरण असा आहे. पण हे हस्तांतरण बहुधा राजाच्या मृत्यूनेच होत असल्यामुळे लोकांनी कार्याचे नाव कारणाला चिकटवले. आधी राजांच्या, मग सरदारांच्या आणि शेवटी कोणाच्याही मृत्यूला ‘डिमाइझ’ म्हणू लागले.

हा शब्द मुळात मृत्यूचा नव्हे याचा सर्वांत ठसठशीत पुरावा 1936 सालचा आहे. आठव्या एडवर्डने त्या वर्षीच्या डिसेंबरात गादी सोडली, आणि त्यासाठी ब्रिटिश संसदेने जो कायदा केला त्यात ‘डिमाइझ ऑफ द क्राउन’ होईल असेच शब्द आहेत. ज्याच्या बाबतीत हा ‘डिमाइझ’ झाला तो माणूस त्यानंतर पस्तीस वर्षांहून अधिक काळ जगला आणि 1972 मध्ये निवर्तला.

‘निवर्तला’ हे क्रियापद मी येथे सहज लिहून गेलो नाही. संस्कृतात ‘निवृत्’ म्हणजे मागे फिरणे, बाजूला होणे. त्याच धातूपासून आपण ‘निवृत्त’ हा शब्द घेतला, जो कचेरीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला लावतो, आणि ‘निवर्तणे’ हे क्रियापदही घेतले, जे जगातून बाहेर पडणाऱ्यासाठी राखून ठेवले. फ्रेंचमध्येही ‘देमेत्र’चे आत्मवाचक रूप आज राजीनामा देणे या अर्थाने चालते. पद सोडणे आणि देह सोडणे यांच्यासाठी एकाच धातूकडे जाण्याची गरज इकडे मराठीला आणि तिकडे फ्रेंच-इंग्रजीच्या कुटुंबालाही वाटली, हे मला शब्दकोशातल्या कोणत्याही व्युत्पत्तीपेक्षा अधिक बोलके वाटते. काकांना हे सांगून पाहा; मराठीतून त्यांना ‘डिमाइझ’ चटकन उमगेल.

(मृत्यू ज्याच्या पोटात खरोखरच आहे असा एक शब्द आपल्या संस्थेतल्या पुष्कळ सभासदांच्या कपाटात असेल, पण त्याला कोणी दचकत नाही. तो शब्द म्हणजे ‘मॉर्गेज’. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मॉर’ म्हणजे मृत आणि ‘गाज’ म्हणजे तारण.)

आता आपल्या दोन दस्तांतील विरोधाकडे वळू. तो विरोध नाही; तो क्रम आहे. नवी मुंबईत सिडकोची रीत अशी की, भूखंडाचे वाटप झाल्यावर आधी भाडेपट्टा देण्याविषयीचा करार होतो. त्या कराराने आपल्याला भूखंडात शिरून बांधकाम करण्याची परवानगी मिळते, जमिनीतला हक्क मिळत नाही. ठरलेल्या अटींप्रमाणे इमारत पूर्ण झाली की मग भाडेपट्ट्याचा दस्त होतो आणि त्याने, बहुतांश भूखंडांच्या बाबतीत साठ वर्षांसाठी, जमीन उपभोगण्याचा हक्क मिळतो. पहिल्या दस्तात समासातले ‘नॉट अ डिमाइझ’ हे शब्द सावधगिरीची पाटी म्हणून उभे आहेत. त्या कलमाचा मथितार्थ असा की, भाडेपट्ट्याचा दस्त होऊन त्याची नोंदणी होईपर्यंत या करारातील कोणत्याही मजकुरामुळे जमीन भाडेपट्ट्याने दिली गेली असे मानू नये. ‘देऊ’ आणि ‘दिले’ यांच्यामध्ये इमारत बांधून होण्याएवढा काळ असतो, आणि त्या काळात भूखंडावर उभा असलेला माणूस भाडेपट्टेदार नसून परवानगीधारक असतो.

हे सगळे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 याच्या चौकटीत बसते. त्या कायद्याचे कलम 105 भाडेपट्ट्याची व्याख्या करताना ‘मालमत्ता उपभोगण्याच्या हक्काचे हस्तांतरण’ असे म्हणते. मालमत्तेचे नव्हे, उपभोगण्याच्या हक्काचे. सारी गोम येथे आहे. खरेदीखताने विकणारा बाजूला होतो, भाडेपट्ट्याने देणारा मागे राहतो. त्याच्याकडे मालकी उरते, आणि मुदत संपल्यावर ताबा परत मिळण्याचा हक्क उरतो. म्हणून ‘डिमाइझ’ या क्रियापदाला नेहमी चार गोष्टींची सोबत लागते : देणारा, घेणारा, मिळकत आणि मुदत. आपल्या दस्तात याच वाक्याच्या पुढे ‘टू हॅव अँड टू होल्ड’ने सुरू होणारा मुदतीचा भाग आणि ‘यील्डिंग अँड पेइंग’ने सुरू होणारा भाड्याचा भाग असेल, तो एकदा पाहून घ्यावा. भाडे वर्षाला जेमतेम एका चहाच्या किमतीएवढे असले, तरी ते तेथे लिहिलेले असते, कारण ते देणे हीच मालकी दुसऱ्याची असल्याची वार्षिक कबुली असते. याच कायद्याच्या कलम 107 प्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच करता येतो. आणि कलम 108 प्रमाणे, विरुद्ध करार नसेल तर, भाडे देणाऱ्या व अटी पाळणाऱ्या भाडेपट्टेदाराला मुदतभर निर्वेध उपभोग मिळेल, असे देणाऱ्याने कबूल केले आहे असे समजले जाते. इंग्लंडमध्ये जुन्या काळी ‘डिमाइझ’ हा एक शब्द दस्तात असला, तरी हे आश्वासन न लिहिता दिल्यासारखे मानत. वकील मंडळी हा शब्द इतकी शतके का सोडत नाहीत, त्याचे एक कारण त्यात आहे. दुसरे कारण असे की, नमुना बदलण्याचे धाडस कोणताच मसुदाकार करत नाही.

आपल्या दस्तात ‘डिमाइझ्ड प्रिमायसेस’ ही जोडगोळीही जागोजागी आढळेल. गंमत अशी की, दोन्ही शब्द एकाच ‘मित्तेरे’चे वंशज आहेत. ‘प्रिमायसेस’ म्हणजे ‘आधी पाठवलेले’, अर्थात आधी सांगितलेले. दस्ताच्या सुरुवातीला जमिनीचे सविस्तर वर्णन येई आणि पुढे प्रत्येक वेळी ते पुन्हा लिहिण्याऐवजी ‘पूर्वोक्त’ अशा अर्थाने ‘प्रिमायसेस’ लिहीत. तो पूर्वोक्त मजकूर नेहमी घर-जमिनीचाच असल्यामुळे शब्दाचाच अर्थ घर आणि आवार असा होऊन बसला. आपल्याकडे ‘सदर मिळकत’ लिहिता लिहिता मिळकत गळून पडावी आणि ‘सदर’ म्हणजेच घर असे लोक समजू लागावेत, तसे झाले.

मराठीत काय म्हणावे, असे आपण विचारले आहे. जुन्या मराठीत याला चपखल शब्द होता : कौल. सरकार किंवा जमीनदार जमीन लावून देताना कौल देई आणि घेणारा उलट कबुलायत लिहून देई. पण आज ‘सदर भूखंड कौलाने दिला’ असे सूचनाफलकावर लिहिले, तर कोणाला निवडणूक आठवेल, कोणाला देवीच्या मूर्तीवरची फुले आणि कोणाला घराचे छप्पर. तेव्हा ‘भाडेपट्ट्याने देणे’ हेच वापरावे. ‘डिमाइझ्ड प्रिमायसेस’साठी ‘भाडेपट्ट्याने दिलेली सदर मिळकत’ असे लिहावे. आणि ‘नॉट अ डिमाइझ’ या समासातील शब्दांसाठी ‘या कराराने भाडेपट्टा दिलेला नाही’ असे पूर्ण वाक्य द्यावे. ‘हस्तांतरित केली’ असे मोघम लिहू नये. त्यातून जमीन विकत मिळाल्याचा समज पसरतो आणि तो समज पुढच्या सभेत हसण्यावारी जाणार नाही.

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे) : आम्ही सदनिका विकत घेतली आहे, भाडेपट्ट्याने नव्हे. तरीही विकासकाशी झालेल्या करारनाम्याच्या शेवटाकडे एक कलम आहे, की या करारातील कोणताही मजकूर सदनिकेचे वा भूखंडाचे ‘ग्रँट, डिमाइझ ऑर असाइनमेंट इन लॉ’ असल्याचे समजू नये. पैसे पूर्ण भरल्यावर असे वाक्य का असावे? आमची फसगत तर झाली नाही ना?

उत्तर : हे वाक्य आपल्या विकासकाने रचलेले नाही, हे आधी सांगितले पाहिजे. महाराष्ट्रातील सदनिकांच्या करारनाम्यांच्या विहित नमुन्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. 1963 च्या मालकी सदनिकांविषयीच्या कायद्याखालच्या नमुन्यात ते होते आणि स्थावर संपदा (‘रेरा’) कायद्याखाली 2017 मध्ये राज्याने जे नियम केले, त्यांतील नमुन्यातही ते आहे. म्हणून त्या वाक्याचा एकटा आधार घेऊन फसगत झाली असे म्हणता येणार नाही.

तीन शब्दांपैकी ‘ग्रँट’ म्हणजे मालकीहक्क देणे, ‘डिमाइझ’ म्हणजे मुदतीसाठी भाडेपट्ट्याने देणे आणि ‘असाइनमेंट’ म्हणजे स्वतःकडे असलेला हक्क पुढे सोपवणे. मालमत्तेतला हक्क एकाकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या या तिन्ही वाटा ते कलम एका दमात बंद करते. त्याचे कारण असे की, आपला दस्त हा विक्रीचा करार आहे, विक्री नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 54 मध्येच म्हटले आहे की, विक्रीच्या कराराने मालमत्तेत आपोआप कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. करारानंतर पुढे काय द्यायचे, ताबा केव्हा द्यायचा आणि संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण (म्हणजे मालकी दस्ताने रीतसर नावावर करून देणे) कधी करायचे, याची बंधने विकासकावर कायद्याने घातलेली आहेतच. या कलमामुळे ती सुटत नाहीत. आपण खरी विचारपूस करायची ती संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण झाले की नाही, याची.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते कामाचे आहे. शब्दाचे सामर्थ्य फार मोठे मानू नये. असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या 1959 सालच्या निकालापासून आपल्या न्यायालयांची दृष्टी अशी राहिली आहे की, दस्ताला ‘लीज’ म्हटले आहे की ‘लायसन्स’, यापेक्षा त्याने प्रत्यक्षात मालमत्तेत हितसंबंध निर्माण केला की नाही, हे पाहायचे. ठाण्यात घर भाड्याने देताना आपण सर्रास अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार करतो, तो याच भेदामुळे. त्या करारात घरमालक केवळ राहण्याची परवानगी देतो, घरातला हक्क देत नाही. म्हणून जाणकाराने केलेल्या अशा मसुद्यात ‘डिमाइझ’ हे क्रियापद होकारार्थी सापडणार नाही. सापडलेच, तर सही करण्याआधी मसुदा करणाऱ्याला विचारावे. त्याने बहुधा दुसऱ्या कोणत्या तरी दस्तातला परिच्छेद जसाच्या तसा उचललेला असतो.

प्रश्न (सीवूड्स, नवी मुंबई) : माझा मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीला आहे. त्याच्या बोलण्यात ‘डिमाइझ चार्टर’ असा शब्द आला. मालकच वारल्यावर जहाज भाड्याने देतात की काय?

उत्तर : मालक हयात आणि सुखरूप असतो. येथेही ‘डिमाइझ’ म्हणजे हवाली करणेच. जहाज भाड्याने देण्याच्या नेहमीच्या प्रकारात कप्तान आणि खलाशी मालकाचेच राहतात आणि भाड्याने घेणारा केवळ जहाजाचा उपयोग करून घेतो. ‘डिमाइझ चार्टर’मध्ये मात्र पूर्ण ताबाच जातो : कप्तान कोण नेमायचा, खलाशी कोणते घ्यायचे, जहाज कोठे न्यायचे हे सगळे घेणारा ठरवतो आणि मुदतीपुरता तो जवळजवळ मालकासारखा वागतो. खलाशांशिवाय रिकामे जहाज मिळते म्हणून याला ‘बेअरबोट’ असेही म्हणतात. आपल्याकडच्या 2017 च्या सागरी दाव्यांविषयीच्या कायद्यात अशा भाडेकरूचा स्वतंत्र उल्लेख आहे, कारण जहाजावर दावा लागला तर देणेकरी मालक आहे की हा ताबेदार, हे आधी ठरवावे लागते. न्हावा-शेव्याच्या धक्क्याला लागलेल्या जहाजावर नाव एकाचे, मालकी दुसऱ्याची आणि हुकूम तिसऱ्याचा, असे चित्र असू शकते. भूखंड असो की जहाज, क्रियापद तेच काम करते.

प्रश्न (कोपरी, ठाणे पूर्व) : वडिलांच्या निधनाचा संदेश इंग्रजीत पाठवताना मी ‘माय फादर डिमाइझ्ड यस्टरडे’ असे लिहिले. एका नातेवाइकांनी ते चूक असल्याचे सांगितले. शिवाय उच्चार ‘डिमाइस’ की ‘डिमाइझ’?

उत्तर : आपल्या दुःखात मी सहभागी आहे. संदेश मिळालेल्यांपैकी कोणाचाही गैरसमज झाला नसेल, तेव्हा या गोष्टीची रुखरुख बाळगू नये. नातेवाइकांचे म्हणणे मात्र बरोबर आहे. मृत्यू या अर्थाने ‘डिमाइझ’ हे नाम म्हणून चालते, ‘माय फादर्स डिमाइझ’ असे. तेही जरा वर्तमानपत्री वळणाचे वाटते आणि आज ते माणसांपेक्षा एखादी संस्था, नियतकालिक किंवा प्रथा संपण्याविषयी अधिक वापरतात. ‘मरणे’ या अर्थाने क्रियापदाची नोंद काही शब्दकोशांत आहे, परंतु चांगले लिहिणारे ते वापरत नाहीत, कारण क्रियापद म्हणून त्याचा व्यवहारातला अर्थ भाडेपट्ट्याने देणे हाच उरला आहे. एखाद्या वकिलाने आपला संदेश वाचला असता, तर वडिलांनी काल काय भाड्याने दिले, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला असता. ‘पास्ड अवे’ किंवा साधे ‘डाइड’ पुरेसे आहे.

उच्चार ‘डिमाइझ’. शेवटचे अक्षर ‘झेंडा’तल्यासारखे नव्हे, तर ‘झरा’तल्या ‘झ’च्या जवळचे, आणि आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘माइझ’वर.